जुना गिअरबॉक्स ओळखायचा कसा?

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाणाऱ्या रस्त्यावर ज्यांनी १९८० आणि १९९० च्या दशकांत प्रवास केला आहे, त्यांना काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांची वेगळी ओळख करून द्यायला नको. एसटी चुकली की जीप, बाजारचा दिवस असला की जीप, रुग्णाला जिल्ह्याच्या गावी न्यायचे असले तरी जीपच. आठ-दहा माणसांच्या गाडीत दुप्पट माणसे बसत आणि ती गाडी बालाघाटच्या चढउतारांवरून वर्षानुवर्षे धावत राही. अशा गाडीचा क्लच आणि गिअरबॉक्स फार मार खातात. गाडी जुनी झाली की नवा गिअरबॉक्स परवडत नाही आणि पुष्कळदा मिळतही नाही. मग जुन्या सुट्या भागांच्या बाजाराकडे वळावे लागते. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट ही नावे यासाठी प्रसिद्ध आहेत. लहानमोठी भंगाराची दुकाने तर प्रत्येक जिल्ह्याच्या गावी असतात.

तेथे तेलाने माखलेल्या पेट्या एकावर एक रचलेल्या दिसतात. ‘ही जीपचीच आहे, घेऊन जा’ असे दुकानदार सांगतो. पेटी चुकीची निघाली तर पैसे जातात, गाडी आठवडाभर उभी राहते आणि घरची कमाई थांबते. पेटी बसली, पण आतून झिजलेली असली, तर उतारावर माणसांच्या जिवाशी गाठ पडते. म्हणून प्रश्न असा, की पेटी न उघडता, किंवा निदान गाडीला जोडण्यापूर्वी, ती कोणती आहे हे खात्रीने कसे ओळखायचे? याचे उत्तर सातवी-आठवीच्या गुणोत्तर-प्रमाणात दडलेले आहे. त्यासाठी लागणारी साधने म्हणजे खडू, पट्टी, पुठ्ठा, चुंबक आणि थोडा धीर.

पेटीच्या आत काय असते?

इंजिन एका ठरावीक वेगपट्ट्यातच चांगले काम करते. चाकाला मात्र कधी हळू पण जोराने, तर कधी भरभर पण कमी जोराने फिरायचे असते. या दोघांचा मेळ घालणारी पेटी म्हणजे गिअरबॉक्स.

मागची चाके चालवणाऱ्या गाडीच्या साध्या पेटीत मुख्यतः तीन दंड असतात. पहिला क्लचकडून फिरणे घेतो. त्याला आपण ‘आत येणारा दंड’ म्हणू. त्याच्याच रेषेत, पण त्याच्यापासून वेगळा, ‘बाहेर जाणारा दंड’ असतो. या दोघांच्या खाली किंवा बाजूला समांतर असा तिसरा दंड असतो. मिस्त्री लोक त्याला काउंटर शाफ्ट म्हणतात. आत येणाऱ्या दंडावरचे चक्र काउंटर शाफ्टला फिरवते आणि काउंटर शाफ्टवरची निरनिराळी चक्रे बाहेर जाणाऱ्या दंडाला फिरवतात.

समजा, आत येणाऱ्या दंडावरच्या चक्राला २२ दात आहेत आणि ते काउंटर शाफ्टवरच्या ३४ दातांच्या चक्रात अडकले आहे. पहिल्या गिअरसाठी काउंटर शाफ्टवर २० दातांचे चक्र आहे आणि बाहेर जाणाऱ्या दंडावर ३६ दातांचे. मग

(३४ ÷ २२) × (३६ ÷ २०) = २.७८

म्हणजे आत येणारा दंड २.७८ फेरे फिरला की बाहेर जाणारा दंड एक फेरा पूर्ण करतो. वेग तितका कमी झाला, पण पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, घर्षणातली तूट सोडली तर तितकाच वाढला. दुसऱ्या गिअरच्या जोडीत २८ आणि २८ दात असतील, तर प्रमाण १.५५ येईल. तिसऱ्या गिअरमध्ये दोन्ही दंड एकमेकांना सरळ जोडले जातात. तेथे प्रमाण १.

विद्यार्थ्यांना एक गंमत दाखवता येईल. २२ आणि ३४, २० आणि ३६, २८ आणि २८ या तिन्ही जोड्यांची बेरीज ५६ येते. दात एकाच मापाचे आणि सरळ असतील तर असे व्हावेच लागते, कारण दोन दंडांमधले अंतर सर्व जोड्यांना एकच असते.

रिव्हर्समध्ये एक मधले चक्र वाढते. फिरण्याची दिशा उलटी होते ती त्यामुळेच.

नावावर आणि आकारावर जाऊ नये

पेटीच्या अंगावर ओतकामाच्या वेळी उमटलेले आकडे असतात. अनेकजण तेच वाचून पेटी ओळखू पाहतात. हे आकडे उपयोगी आहेत, पण ते बहुधा कवचाचे असतात, आतल्या चक्रांचे नव्हेत. एकाच साच्यातल्या कवचात निरनिराळ्या प्रमाणाची चक्रे बसवलेली असू शकतात. शिवाय तीस-चाळीस वर्षांत पेटी किती वेळा उघडली गेली आणि आत कशातले काय आले, हे कवच सांगत नाही. कोठे पत्र्याची पट्टी रिबेट केलेली असेल तर तीही वाचावी, मात्र तिला साक्षीदार मानावे, न्यायाधीश नव्हे. दांड्याच्या मुठीवर कोरलेला गिअरांचा नकाशा तर मुळीच विश्वासाचा नाही. मूठ बदलायला अर्धा मिनिट लागतो.

इंजिन तेच म्हणून पेटीही तीच चालेल, हा दुसरा मोठा गैरसमज. १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० आणि त्यानंतर वर्षभरात आलेली मारुती व्हॅन, म्हणजे पुढची ओम्नी, या दोघींचे इंजिन एकाच जातीचे, ७९६ घन सेंटिमीटरचे. पण ८०० मध्ये ते आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते. तिच्या पेटीतच डिफरन्शियल असते. ओम्नीत तेच इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, पुढच्या आसनांखाली बसते आणि लांब दंडाने मागची चाके फिरवते. इंजिन सख्ख्या बहिणींचे, पण एकीची पेटी दुसरीला उपयोगाची नाही.

आधी जुळणी पाहावी

पेटी आपल्या इंजिनाला बसते की नाही, हे चार ठिकाणी कळते.

पहिले ठिकाण इंजिनाचा मागचा चेहरा. येथे पेटीचे घंटेच्या आकाराचे कवच बोल्टांनी आवळले जाते. इंजिनावर जाड पुठ्ठा दाबून धरावा आणि भोकांच्या कडांवरून पेन्सिल घासावी; भोकांचा नकाशा उमटतो. हा पुठ्ठा बाजारात घेऊन जाता येतो. शंभर किलोमीटर दूरच्या दुकानात इंजिन नेण्यापेक्षा हे सोपे.

दुसरे ठिकाण आत येणारा दंड. याच्या अंगावर लांब उभ्या खाचा असतात आणि त्यांवर क्लच प्लेट सरकते. खाचा मोजाव्यात, व्यास मोजावा; त्याहून सोपे म्हणजे आपल्या गाडीची क्लच प्लेटच बरोबर न्यावी. ती दंडावर जोर न लावता सरकली पाहिजे, पण खडखडता कामा नये.

तिसरे ठिकाण या दंडाचे टोक. ते फ्लायव्हीलच्या मध्यातल्या लहान बेअरिंगमध्ये किंवा बुशमध्ये शिरते. टोकाचा व्यास आणि लांबी दोन्ही पाहावी. टोक चार-पाच मिलिमीटर जास्त लांब असेल तर बोल्ट आवळताना ते आत टेकते. मिस्त्रीने तरीही जोर लावला तर कवचाचा कान तुटतो.

चौथे ठिकाण मागची बाजू. पेटीची एकूण लांबी, तिला आधार देणाऱ्या रबरांची जागा, दांड्याची जागा, क्लचला केबल आहे की तेलाचा दाब, स्पीडोमीटरची केबल कोठे जोडली जाते, हे सगळे पाहावे. पेटी बदलल्यावर स्पीडोमीटरचे लहान चक्र जुळले नाही, तर काटा खोटा वेग दाखवतो. चालक मात्र त्याच काट्यावर विसंबून असतो.

फेरे मोजा

जुळणी बरोबर निघाली, तरी आतली चक्रे कोणती हे कळलेले नसते. त्यासाठी फेरे मोजावे लागतात.

आपल्याकडच्या जीपचेच उदाहरण घेऊ. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. युद्धानंतर त्यांतल्या कितीतरी लष्कराच्या लिलावांतून भारतात नागरिकांकडे आल्या. या गाड्यांत ‘टी-८४’ नावाची तीन गिअरची पेटी असे. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत विलीजच्या नागरी जीप जुळवायला आणि पुढे बनवायला सुरुवात केली. त्यांतल्या सीजे-३बी जातीच्या जीपमध्ये ‘टी-९०’ ही अधिक दणकट पेटी होती. तिलाही गिअर तीनच. पुढे चार आणि पाच गिअरच्या पेट्या आल्या.

टी-८४ मध्ये पहिल्या गिअरचे प्रमाण २.६६५ आणि रिव्हर्सचे ३.५५४. टी-९० मध्ये पहिल्याचे २.७९८ आणि रिव्हर्सचे ३.७९८. आता पेटी जमिनीवर ठेवून पहिल्या गिअरमध्ये टाका, दोन्ही दंडांवर खडूची खूण करा आणि बाहेर जाणारा दंड एक फेरा पूर्ण करेपर्यंत आत येणारा दंड हाताने फिरवा. एका पेटीत पावणेतीनला थोडे कमी, दुसरीत पावणेतीनला थोडे जास्त. फरक जेमतेम एक अष्टमांश फेऱ्याचा. डोळ्यांना पाव फेऱ्याचा अंदाज चुकू शकतो, मग या मोजणीचा उपयोग काय?

उपयोग आहे, पण बाहेर जाणारा दंड एकदा नव्हे, दहा वेळा फिरवला तर. टी-८४ मध्ये आत येणारा दंड २६.६५ फेरे घेईल, टी-९० मध्ये २७.९८. फरक आता सव्वा फेऱ्याहून मोठा झाला. आपली चूक मात्र पाव फेऱ्याचीच राहिली, कारण ती फक्त सुरुवातीला आणि शेवटी होते. रिव्हर्समध्ये हाच प्रयोग केला तर ३५.५४ आणि ३७.९८, फरक जवळजवळ अडीच फेऱ्यांचा. एका पानाची जाडी मोजण्यासाठी आपण शंभर पानांची जाडी मोजून भागतो, ती हीच युक्ती. प्रयोगशाळेत लंबकाचा आवर्तकाल काढताना वीस आंदोलने मोजतात, तीही हीच.

मोजताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. एक, शेवटच्या सरळ गिअरमध्ये मोजू नये. तेथे दहाला दहाच येणार आणि काहीच कळणार नाही. सर्वांत खालचा गिअर आणि रिव्हर्स सर्वांत जास्त बोलतात. पाच गिअरच्या पेटीत मात्र पाचवा जरूर पाहावा. तेथे बहुधा बाहेरच्या दहा फेऱ्यांना आतले दहापेक्षा कमी फेरे लागतात. दोन, जीपच्या पेटीच्या मागे चारही चाकांना शक्ती वाटणारी दुसरी पेटी असते. ती जोडलेलीच असेल तर तिचा दांडा ‘हाय’मध्ये आहे याची खात्री करावी. ‘लो’मध्ये राहिला तर सीजे-३बीच्या बाबतीत फेरे सुमारे अडीचपट येतील आणि आपण भलत्याच निष्कर्षाला पोहोचू. तीन, प्रत्येक दिशेने फिरवण्यापूर्वी दातांमधली ढिलाई काढून घ्यावी आणि मगच खूण करावी.

डिफरन्शियलचा चकवा

मारुती ८०० सारख्या पुढच्या चाकांच्या गाडीत पेटीतून एका दंडाऐवजी डावी-उजवी अशी दोन तोंडे बाहेर येतात. वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळा वेग घेता यावा म्हणून मध्ये डिफरन्शियल असते. याचा नियम सोपा आहे: त्याच्या मोठ्या चक्राचा वेग हा दोन्ही बाजूंच्या वेगांची सरासरी असतो.

आता एक तोंड घट्ट धरून ठेवले आणि दुसरे मोजले, तर मोठे चक्र एक फेरा फिरताना मोकळे तोंड दोन फेरे फिरते. समजा, मोकळ्या बाजूचे १० फेरे होईपर्यंत आत येणारा दंड ७५ वेळा फिरला. घाईत भागाकार केला तर प्रमाण ७.५ येईल. खरे प्रमाण ७५ ÷ ५ = १५ आहे. आणि हे १५ म्हणजे पेटीचे प्रमाण आणि शेवटच्या जोडीचे प्रमाण यांचा गुणाकार.

प्रमाण कळले, आता वेग काढू

जीपमध्ये पेटीनंतर आणखी एक मोठी घट होते, ती चाकांच्या आसात, क्राउन-पिनियनमध्ये. सीजे-३बी मध्ये क्राउनला ४३ आणि पिनियनला ८ दात असतात, प्रमाण ५.३८. युद्धकाळातल्या जीपमध्ये ३९ आणि ८, प्रमाण ४.८८. म्हणजे टी-९० पेटी असलेल्या सीजे-३बी मध्ये पहिल्या गिअरला इंजिनाचा पीळ २.७९८ × ५.३७५, सुमारे पंधरा पट होऊन चाकांच्या आसापर्यंत पोहोचतो. भरलेली जीप चढावर हलते ती यामुळे. चुकीचा दंड किंवा अशक्त दात तुटतात तेही यामुळेच.

गाडी ढकलून चाकाच्या एका फेऱ्यात ती किती पुढे जाते हे मोजावे. समजा, ते २.२ मीटर आले. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल आणि सरळ गिअर असेल, तर चाक ३००० ÷ ५.३७५, म्हणजे सुमारे ५५८ फेरे घेईल. गाडी मिनिटाला १२२८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७४ किलोमीटर जाईल. पहिल्या गिअरमध्ये हाच वेग २६ च्या आसपास येतो.

आता पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवण्याचा विचार करा. समजा, हे इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांच्या वर जाऊ शकत नाही. तीन गिअरची तीच पेटी ठेवली तर गाडीचा कमाल वेग ताशी ६१ किलोमीटरला अडकेल. पाचव्या गिअरचे प्रमाण ०.८५ असलेली पेटी घातली, तर तो ७२ होईल. पण डिझेलचा पीळ बहुधा जास्त असतो, म्हणून पेटी तो सोसणारी हवी. इंजिन बदलण्यापूर्वी हे गणित कागदावर करायला काही खर्च येत नाही.

आसांबाबत एक इशारा. कोणी मागचा आस युद्धकाळातल्या जीपचा आणि पुढचा सीजे-३बी चा ठेवला, तर ४३ आणि ३९ या फरकामुळे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगात सुमारे दहा टक्के तफावत पडेल. दोन चाकांवर गाडी चालवताना हे कळणारही नाही. चार चाकांचा दांडा टाकून डांबरी रस्त्यावर आले की चाके एकमेकांशी भांडू लागतील, आणि टायर घसरतील किंवा काहीतरी तुटेल.

४३ आणि ८ हे आकडे मुद्दाम निवडलेले आहेत. त्यांना सामाईक विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा एक दात क्राउनच्या सर्व ४३ दातांना पाळीपाळीने भेटतो आणि झीज सारखी वाटली जाते. ४० आणि ८ घेतले असते, तर प्रत्येक दात ठरावीक पाच दातांनाच पुन्हा पुन्हा भेटला असता. क्राउन आणि पिनियन जोडीनेच घ्यावेत, हेही यावरून समजेल. ते एकमेकांवरच घासून जुळवलेले असतात.

ओळख पटली, पण प्रकृती?

बरोबर जातीची पेटीही आजारी असू शकते. तिच्यातले तेल एका पांढऱ्या ताटलीत काढावे आणि त्यात कागदात गुंडाळलेले चुंबक फिरवावे. चुंबकाला बारीक करडी पूड चिकटणे स्वाभाविक आहे. बोटांना टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा मिळाला तर पेटी परत करावी. चुंबकाला न चिकटणारी सोनेरी चकाकी दिसली, तर ती बहुधा पितळेची असते. गिअर पडताना दोन चक्रांचे वेग जुळवणारी कडी बऱ्याच पेट्यांत पितळेची असते, आणि ती झिजली की गिअर टाकताना करकर होते. टी-८४ आणि टी-९० मध्ये पहिल्या गिअरला आणि रिव्हर्सला अशी कडी मुळातच नाही. तेथे गाडी थांबवूनच गिअर टाकायचा असतो. ती करकर पेटीचा दोष नव्हे.

तेल नसलेली, धुऊनपुसून चकचकीत केलेली पेटी मिळाली, तर साक्षच पुसली गेली असे समजावे आणि वरचे झाकण उघडून दात पाहण्याचा आग्रह धरावा.

शेवटी प्रत्येक गिअर टाकून दंड मागेपुढे ओढून-ढकलून आणि पीळ देऊन पाहावा. गिअर निसटत असेल तर आतल्या दातांच्या कडा गोल झाल्या आहेत. मिस्त्री याला ‘गिअर उडतो’ म्हणतात. सपाटीवर ही कटकट असते. उतारावर मात्र गिअर उडाला की इंजिनाची अडवण एकदम सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. भरलेल्या गाडीत हा धोका कोणत्याही किमतीला पत्करू नये.

कागदपत्रांबद्दल थोडे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायचे तर नोंदणी कार्यालयाची मंजुरी लागते. नोंदणीपत्रावर इंजिनाचा आणि चासीचा क्रमांक असतो, गिअरबॉक्सचा नसतो. म्हणून जुनी पेटी घेताना पावती घ्यावीच. चोरीच्या मालापासून बचावाचा आपल्या हातातला पुरावा तोच.

वर्गात काय करता येईल?

जवळच्या गॅरेजमध्ये मोडीत निघालेली एखादी पेटी मिळू शकते. नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तेथील शिक्षकांकडे विचारणा करता येईल. मुलांचे तीन गट करावेत. पहिल्या गटाने बाहेरच्या एका फेऱ्याला, दुसऱ्याने पाच फेऱ्यांना आणि तिसऱ्याने दहा फेऱ्यांना लागणारे आतले फेरे मोजावेत. प्रत्येकाने प्रयोग पाचदा करून प्रमाण काढावे. उत्तरांमधला विस्कळीतपणा कसा कमी होत जातो, हे मुलांना फळ्यावर लिहिलेल्या आकड्यांतूनच दिसेल. मग झाकण काढावे, दात मोजावेत आणि गुणाकाराने तेच उत्तर येते का हे पाहावे.

पेटी मिळाली नाही तर सायकल आहेच. पुढच्या चक्रावर ४८ आणि मागच्यावर १८ दात असतील, तर पायट्याच्या एका फेऱ्यात मागचे चाक २.६७ फेरे घेईल. आधी फेरे मोजून प्रमाण काढावे, मग दात मोजून पडताळावे. क्रम उलटा करू नये. उत्तर आधी ठाऊक असले की डोळा तेच पाहू लागतो.

आपल्या वर्गातल्या काही मुलांच्या घरी गाडी हेच पोटापाण्याचे साधन असते. काही जण उद्या स्वतः गॅरेज काढतील. ‘जीपचीच आहे’ या शब्दावर न विसंबता खडूची खूण करून दहा फेरे मोजणारा मुलगा किंवा मुलगी त्यांच्यातून तयार झाली, तर गुणोत्तराचा धडा नीट शिकवला गेला असे म्हणता येईल.